राजदूत परत जातो तेव्हां काय होतें?

दोन राष्ट्रांत बिघाड होऊन लढाई जुंपण्याची वेळ आली कीं जुन्या वर्तमानपत्रांत एक वाक्य हटकून येत असे : "अमुक राष्ट्राच्या वकिलानें आपले पासपोर्ट मागितले." वाचणारा तें वाचून पुढें जाई, परंतु ऐकणाऱ्यांपैकीं एखादा विचारीच कीं, ज्याला आपल्याच घरीं जावयाचें आहे त्यानें परवाना मागावा तरी कशाला, आणि समजा, तो दिला नाहीं तर? प्रश्न चांगला आहे. त्याचें उत्तर शोधतां शोधतां युद्ध सुरू होण्याच्या रात्रीं राजधान्यांत काय काय घडतें हें पाहावयास मिळतें. उदाहरणादाखल आपण इ. स. १९१४ च्या ऑगस्ट महिन्याचा पहिला आठवडा घेऊं. त्या एका आठवड्यांत युरोपांतील अनेक राजदूत आपापल्या वकिलाती सोडून निघाले, आणि त्यांपैकीं कित्येकांच्या शेवटच्या दिवसांची हकीकत त्यांच्याच लेखणीची किंवा जवळच्यांच्या लेखणीची आपणांस मिळते.

प्रथम शब्द नीट समजून घेऊं. 'वकील' म्हटलें कीं आज आपणांस कोर्टांतील काळा डगला घातलेला गृहस्थ आठवतो. पेशवाईंत वकील म्हणजे एका दरबारानें दुसऱ्या दरबारीं ठेविलेला आपला माणूस. पुण्याच्या दरबारीं इंग्रजांचा असा माणूस संगमावरच्या बंगल्यांत राहत असे; त्यास रेसिडेंट म्हणत. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीची लढाई झाली, तेव्हां एल्फिन्स्टन साहेब तो बंगला सोडून आपल्या सैन्याकडे गेले, व मागें बंगला जाळला गेला. तेव्हां वकील निघाला म्हणजे लढाई आली, ही गोष्ट आपल्या मुलखाच्या ओळखीची आहे. या लेखांत वकील, राजदूत हे शब्द आम्ही त्याच जुन्या अर्थानें वापरणार आहों, आणि त्याच्या राहण्याच्या व कामाच्या जागेस वकिलात म्हणूं.

वकील परक्या राज्यांत राहतो, परंतु त्या राज्याचा अंमल त्याच्या उंबऱ्यापाशीं थांबतो. त्याचें घर, त्याचें दप्तर व त्याचें टपाल यांस कोणी हात लावावयाचा नाहीं, आणि खुद्द त्यास कोणी पकडावयाचें नाहीं, हा नियम फार जुना आहे. दूत अवध्य होय, असें आपल्या देशांतील राजनीतीहि पूर्वींपासून सांगत आली आहे. दाविदानें सांत्वनासाठीं पाठविलेल्या दूतांच्या अर्ध्या दाढ्या अम्मोनी राजानें बोडविल्या व त्यांचीं वस्त्रें कापलीं, आणि तेवढ्यावरून केवढी लढाई पेटली, तें आपणां सर्वांस ठाऊकच आहे. हा मान त्या माणसाचा नव्हे. ज्यानें त्यास पाठविलें त्याचा तो मान. आणि त्यांत साधा व्यवहारहि आहे. तुझा माणूस माझ्या घरीं, माझा माणूस तुझ्या घरीं; तूं माझ्यास जपशील तर मीहि तुझ्यास जपेन.

लढाई जाहीर झाली म्हणजे या नियमाची खरी परीक्षा होते. काल जो पाहुणा होता तो आज शत्रूचा माणूस झाला, आणि तरीहि त्यास सुखरूप सीमेपार पोंचविणें हें यजमानाकडेच राहतें. पासपोर्ट मागावयाचा तो याकरितां. त्या काळीं वकिलाचा पासपोर्ट म्हणजे आजच्यासारखी खिशांतील पुस्तिका नव्हे. या गृहस्थास व त्याच्या मंडळीस बिनहरकत जाऊं द्यावें, असा यजमान सरकारचा लेखी हुकूम म्हणजे पासपोर्ट. वकिलानें तो मागितला कीं बोलणें संपलें असें समजावयाचें. यजमानानें न मागतां हातीं ठेविला, तर 'आतां निघा' असा त्याचा अर्थ होई.

आतां बर्लिन शहराकडे वळूं. ४ ऑगस्ट १९१४ रोजीं सकाळीं जर्मन सैन्य बेल्जमच्या हद्दींत शिरलें. बेल्जम हें लहानसें राष्ट्र. त्याची तटस्थता सर्वांनीं राखावी असा तह इ. स. १८३९ मध्यें लंडन येथें झाला होता, व त्यांत इंग्लंड, फ्रान्स, ऑस्ट्रिया, रशिया आणि प्रशिया हीं पांच मोठीं राष्ट्रें सामील होतीं. पुढें जें जर्मन साम्राज्य झालें त्याचें मुख्य अंग हेंच प्रशिया. इंग्लंडचा परराष्ट्रमंत्री सर एडवर्ड ग्रे यानें बर्लिन येथील आपला वकील सर एडवर्ड गॉशेन यास तारेनें कळविलें कीं, बेल्जमची तटस्थता राखण्याचें आश्वासन आज मध्यरात्रीच्या आंत मिळालें पाहिजे. न मिळाल्यास पासपोर्ट मागून निघून यावें. अशा कागदास निर्वाणीचा खलिता म्हणतात.

गॉशेन हा इ. स. १९०८ पासून बर्लिन येथें होता. सायंकाळीं तो परराष्ट्रमंत्री फॉन यागो याजकडे गेला. उत्तर नकाराचें मिळालें. मग चॅन्सेलर, म्हणजे मुख्य प्रधान, बेथमान-होल्वेग याची त्यानें शेवटची भेट मागितली. प्रधान अतिशय क्षुब्ध झाला होता. सुमारें वीस मिनिटें तो एकसारखा बोलत राहिला. 'तटस्थता' या एका शब्दासाठीं, एका कागदाच्या कपट्यासाठीं, इंग्लंड आपल्याच रक्ताच्या राष्ट्रावर हत्यार उपसतें आहे, असें तो म्हणाला. आणि हें वचन पाळण्यास काय किंमत पडेल याचा तुमच्या सरकारनें विचार केला आहे काय, असेंहि त्यानें विचारलें. गॉशेनचें उत्तर असें होतें कीं, परिणामांचें भय ही दिलेला शब्द मोडण्यास सबब होऊं शकत नाहीं. 'कागदाचा कपटा' हे शब्द पुढें जगभर झाले. इंग्लंडांत सैन्यभरतीच्या जाहिरातींवरहि ते छापले गेले. आपल्या म्हणण्याचा अर्थ तसा नव्हता असें बेथमाननें मागाहून सांगितलें, पण तें कोण ऐकतो?

या भेटीचा एक भाग गॉशेनच्या सरकारी अहवालांत नाहीं. तो बेथमानच्या आठवणींत आहे. निघतांना गॉशेनच्या डोळ्यांस पाणी आलें, आणि कचेरींतील माणसांनीं आपणांस अशा स्थितींत पाहूं नये म्हणून बाहेरच्या खोलींत थोडा वेळ बसूं द्यावें अशी त्यानें विनंति केली, असें तो लिहितो. सरकारी अहवालांत हें कोण लिहील? मला तरी तें खरें वाटतें. सहा वर्षें ज्यानें दोन राष्ट्रांत बोलणें चालू ठेवण्याची चाकरी केली, त्याची सारी चाकरी त्या सायंकाळीं मातीस मिळाली होती.

रात्रीं मंडळी वकिलातीच्या दिवाणखान्यांत बसली होती. 'बर्लिनर टागेब्लाट' या पत्राच्या जादा पत्रकानें युद्धाची बातमी शहरांत पसरली, आणि दारापुढें मोठा जमाव जमला. पहाऱ्यास पोलिस थोडे. जमावापुढें ते टिकले नाहींत. नुसता आरडाओरडा चालला होता तोंपर्यंत आंतल्या मंडळींनीं तिकडे लक्ष दिलें नाहीं. परंतु कांचा फुटून रस्त्याचे दगड दिवाणखान्यांत येऊन पडूं लागले, तेव्हां गॉशेननें परराष्ट्रखात्यास टेलिफोन केला. यागोनें पोलिसांच्या मुख्यास कळविलें. घोडेस्वार आले व रस्ता मोकळा झाला. मग खुद्द यागो वकिलातींत आला, आणि आपल्या देशबांधवांच्या वागणुकीची आपणांस शब्दांनीं सांगतां येत नाहीं इतकी लाज वाटते, असें बोलला. थोड्या तासांपूर्वीं नकार देणारा माणूस तो हाच, हें ध्यानांत ठेवावें. नकार देणें हें त्याचें काम होतें. क्षमा मागण्यास येणें हें कोणी त्यास सांगितलें असेल असें वाटत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं कैसरचा अंगरक्षक अंमलदार निरोप घेऊन आला. कालच्या प्रकाराबद्दल बादशहास खेद वाटतो; परंतु वाटर्लूच्या रणांगणावर ज्यांच्या खांद्यास खांदा लावून आपण लढलां त्यांच्याविरुद्ध इंग्लंड दुसऱ्यांस मिळालें, याबद्दल आमच्या लोकांस काय वाटतें तें त्यावरून तुम्हांस कळून येईल, असा तो निरोप होता. शिवाय इंग्लंडच्या फील्डमार्शलची व आरमारी अ‍ॅडमिरलची पदवी कैसरास सन्मानार्थ मिळाली होती, तिचा आपण त्याग करीत आहों, असेंहि त्यानें कळविलें. क्षमा मागावी तर अशी कीं मागणाराची ऐट तिळभरहि कमी होऊं नये! वकिलातींतील जर्मन नोकरांनीं तर याहून सरळ मार्ग धरला. त्यांस एका महिन्याचा पगार आगाऊ देण्यांत आला. तो घेऊन त्यांनीं अंगावरचे वकिलातीचे पोषाख उतरले, त्यांवर थुंकून ते पायांखालीं तुडविले, आणि पेट्या खालीं नेण्यास साफ नकार दिला, असें नमूद आहे.

अकराच्या सुमारास पासपोर्ट हातीं आले. हॉलंडच्या वाटेनें जावें अशी गॉशेनची इच्छा होती. ती मान्य झाली, मात्र दुसऱ्या सकाळपर्यंत थांबावें लागलें. ६ ऑगस्ट रोजीं सर्वांस टॅक्सींत बसवून आडरस्त्यांनीं, जवळजवळ लपवूनच, स्टेशनावर नेण्यांत आलें. रशियाच्या व फ्रान्सच्या वकिलांस जमावाच्या हातून जें सोसावें लागलें होतें तें त्यामुळें टळलें. स्टेशनावर परराष्ट्रखात्याचा कौंट वेडेल निरोप देण्यास हजर होता, आणि हॉलंडच्या सरहद्दीपर्यंत सोबतीस एक सेवानिवृत्त कर्नल दिला होता. गाडी थांबे तेथें फलाटावर दाट गर्दी. देशभक्तीचीं गाणीं, टोमणे, हातवारे. कोणीं अधिक कांहीं करूं नये म्हणून तो कर्नल शिकस्त करीत होता. गॉशेननें ८ ऑगस्टच्या अहवालांत या शत्रुपक्षाच्या कर्नलाच्या सभ्यतेची मुद्दाम नोंद केली आहे. 'कागदाचा कपटा' ज्या अहवालामुळें प्रसिद्ध झाला त्याच अहवालांत ही नोंद आहे, पण ती फारशी कोणी वाचीत नाहीं.

फ्रान्सचा वकील ज्यूल कांबाँ याचें नशीब इतकें बरें नव्हतें. त्यास हव्या त्या वाटेनें जाऊं न देतां डेन्मार्ककडून पाठविलें, आणि वाटेंत गाडीभाडें रोख सोन्यांत मागितलें. त्यानें चेक देऊं केला तो घेतला नाहीं. सोबत्यांजवळचीं सोन्याचीं नाणीं गोळा करून सुमारें पांच हजार फ्रँकांची भरती करावी लागली. शत्रूच्या वकिलास गाडी द्यावयाची, आणि भाड्यासाठीं वाटेंत अडवावयाचें, यास काय म्हणावें?

त्याच ४ ऑगस्टच्या रात्रीं लंडन येथें काय झालें तें आतां पाहूं. तेथील जर्मन वकील प्रिन्स लिख्नोव्हस्की हा इ. स. १९१२ पासून त्या जागीं होता. इंग्लंडशीं वैर होऊं नये असें त्याचें मनापासून मत. जुलै महिन्यांत त्यानें बर्लिनला तारेमागून तार करून बजाविलें कीं, फ्रान्सवर चाल झाली तर इंग्लंड स्वस्थ बसणार नाहीं. वरिष्ठांनीं त्याचें ऐकलें नाहीं. हा माणूस इंग्रजांच्या फार आहारीं गेला आहे असें त्यांस वाटे. आपल्याच घरच्यांनीं आपला शब्द खोटा मानावा, याहून वकिलास जड असें दुसरें काय असणार?

निर्वाणीची मुदत बर्लिनच्या घड्याळाप्रमाणें रात्रीं बारा वाजतां, म्हणजे लंडनच्या घड्याळाप्रमाणें अकरा वाजतां संपत होती. तितक्यांत एक विलक्षण प्रकार घडला. जर्मनीनेंच इंग्लंडविरुद्ध युद्ध पुकारलें, अशी बातमी इंग्रज परराष्ट्रखात्याकडे आली. तिच्या आधारें खलिता लिहून पासपोर्टांसह तो लिख्नोव्हस्कीकडे रवाना झाला. आणि मग कळलें कीं बातमी खोटी! युद्धाचा पहिलाच कागद असत्याचा ठरूं पाहत होता. तांतडीनें दुसरा, खरा खलिता तयार केला, आणि पहिला परत आणण्यासाठीं खात्यांतील सर्वांत तरुण माणूस पाठविला. हा हॅरल्ड निकोल्सन. त्याचा बाप सर आर्थर निकोल्सन त्याच खात्याचा कायम मुख्य अधिकारी होता.

अकरा वाजून पांच मिनिटांच्या सुमारास तो जर्मन वकिलातीच्या बाजूच्या दारापाशीं पोंचला. नोकर म्हणाला, प्रिन्स निजले आहेत, त्यांस उठवूं नये असा हुकूम आहे. निकोल्सननें आग्रह धरला तेव्हां त्यास वर नेण्यांत आलें. लिख्नोव्हस्की झोपण्याच्या कपड्यांत पलंगावर पडला होता. आधींच्या कागदांत थोडी चूक राहिली आहे, तो बदलून घ्यावा, असें निकोल्सननें सांगतांच त्यानें खिडकीजवळच्या टेबलाकडे बोट दाखविलें. लखोटा तेथें अर्धवट उघडलेला होता. पासपोर्ट थोडे बाहेर आले होते; आंतलें पत्र वाचलेलें दिसत नव्हतें. पासपोर्ट पाहतांच त्यास सारें समजलें असावें. पत्र वाचून अधिक काय समजणार होतें? त्यानें पावतीवर सही केली, आणि त्या तरुणास सांगितलें कीं, वडिलांस माझा नमस्कार कळवा, निघण्यापूर्वीं त्यांची भेट होईलसें वाटत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं अमेरिकेचा वकील वॉल्टर पेज त्यास भेटावयास गेला, तेव्हांहि तो रात्रीच्याच कपड्यांत होता. कित्येक रात्रीं त्यास झोप नव्हती. ६ ऑगस्ट रोजीं खास गाडीनें त्यास हारिच बंदरीं नेण्यांत आलें, आणि तेथें सैनिकांची तुकडी सलामीस उभी होती. निघणाऱ्या राजासारखी आपली पाठवणी झाली, अशा अर्थाचें त्यानें पुढें लिहिलें. इकडे शत्रूनें सलामी दिली; तिकडे घरीं काय झालें? इ. स. १९१६ मध्यें त्यानें आपल्या लंडनच्या कामगिरीचा वृत्तांत मित्रांपुरता लिहिला, आणि युद्ध टाळतां आलें असतें असें त्यांत स्पष्ट म्हटलें. तो फुटून १९१८ मध्यें छापला गेला, व प्रशियाच्या वरिष्ठ सभागृहांतून त्यास काढून टाकण्यांत आलें. तो इ. स. १९२८ मध्यें वारला.

रशियाच्या राजधानींत तीन दिवस आधीं, १ ऑगस्टच्या सायंकाळीं, जर्मन वकील कौंट पूर्तालेस यानें परराष्ट्रमंत्री साझोनॉव्ह यास पुन्हां पुन्हां विचारलें कीं, सैन्याची जमवाजमव थांबविणार काय? प्रत्येक वेळीं 'नाहीं' असें उत्तर आल्यावर त्यानें युद्धाचा कागद पुढें केला. बर्लिनहून त्यास दोन मसुदे आले होते, एक होकार मिळाल्यास, एक नकार मिळाल्यास... नव्हे, दोन्हीं युद्धाचेच, फक्त कारण निराळें. आणि मनाच्या त्या अवस्थेंत त्यानें दोन्हीं एकदमच दिले. मग तो खिडकीशीं जाऊन रडूं लागला, आणि ज्याच्याविरुद्ध युद्ध जाहीर केलें त्या साझोनॉव्हनेंच त्याचें सांत्वन केलें.

वकील निघून गेला. परंतु त्याच्या राष्ट्राचीं माणसें मागें राहतात त्यांचें काय? व्यापारी, विद्यार्थी, खलाशी, शिक्षक, कोणाची तेथेंच लग्नें झालेलीं. यांच्यासाठीं खास गाडी नसते, आणि सलामी तर नसतेच. येथें तिसऱ्या राष्ट्राचें काम सुरू होतें. जाणारा वकील आपली वकिलात व आपलीं माणसें एखाद्या तटस्थ राष्ट्राच्या वकिलाकडे सोंपवून जातो. महत्त्वाचें सांकेतिक दप्तर जाळून टाकावयाचें, उरलेलें कपाटांत घालून मोहोर लावावयाची, आणि मोहोरेची जबाबदारी त्या तिऱ्हाइतानें घ्यावयाची. बर्लिनांत इंग्रजांचें हें काम अमेरिकेचा वकील जेरार्ड यानें पत्करलें, लंडनांत जर्मनांचें काम वर सांगितलेल्या पेजनें. गॉशेननें जेरार्डचे मोठे आभार मानिले आहेत; वाटेनें जातांयेतां लोक हुर्यो करीत, तरी तो वकिलातींत खेपा घालीत राहिला.

पुढें नोव्हेंबर १९१४ मध्यें जर्मनीनें आपल्या देशांतील इंग्रज पुरुषांस बर्लिनजवळ रूलेबेन येथें घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर नजरकैदेंत ठेविलें. चार हजारांहून अधिक माणसें तेथें घोड्यांच्या तबेल्यांतून राहत होतीं. त्यांची दाद लावणारा कोण? जेरार्डच. आणि हीच गोष्ट उलट बाजूनें आपल्या मुलखांत घडली. हिंदुस्थानांतील जर्मनांस अहमदनगर (आजचें अहिल्यानगर) येथील छावणींत ठेवण्यांत आलें. त्यांत व्यापारी होते तसे बासेल मिशनचे मिशनरीहि होते. ज्यांनीं कधीं बंदूक हातीं धरिली नव्हती तीं माणसें केवळ जन्मभूमीमुळें तारेच्या कुंपणाआड गेलीं. त्यांच्या हिताची देखरेख प्रथम अमेरिकेकडे होती. फेब्रुवारी १९१७ मध्यें अमेरिकेनें जर्मनीशीं संबंध तोडले, तेव्हां जेरार्डला स्वतःच पासपोर्ट मागावे लागले, आणि सारी व्यवस्था पुन्हां हलली : जर्मनींतील इंग्रजांचें काम हॉलंडकडे गेलें, इंग्रजांच्या राज्यांतील जर्मनांचें स्वित्झर्लंडकडे. मोहोर लावणाऱ्याचाहि निघण्याचा दिवस येतो तो असा.

वकील गेल्यावर सैन्य किती लौकर येतें याचें एक उदाहरण आपल्या जवळचें आहे. ऑक्टोबर १९१४ च्या अखेरीस तुर्की आरमारानें काळ्या समुद्रांतील रशियन बंदरांवर तोफा डागल्या. इंग्रज वकील सर लुई मॅलेट १ नोव्हेंबर रोजीं कॉन्स्टँटिनोपल सोडून निघाला. ५ तारखेस इंग्लंडनें युद्ध पुकारलें. ६ तारखेस पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनची फौज इराणी आखाताच्या टोकाशीं फाव येथें उतरली. वकिलाची वाट तार पोंचेपर्यंत पाहावयाची, इतकेंच. जहाजें आधींच भरून निघालेलीं होतीं. हीच डिव्हिजन तैग्रिस नदीनें वर चढत बगदादच्या जवळ गेली, मागें हटली, कूत-अल-अमारा येथें वेढली गेली, आणि २९ एप्रिल १९१६ रोजीं सुमारें तेरा हजार माणसें शरण गेलीं. त्यांत कोंकणांतले व देशावरचे मराठा पलटणींतील शिपाई होते. शरण गेलेल्यांपैकीं पुष्कळ कैदेंतच मेले.

दुसऱ्या महायुद्धांत वकिलांचें परतणें याहून अवघड झालें, कारण मध्यें तटस्थ भूमीच फारशी उरली नव्हती. जोसेफ ग्रू हा १९१४ मध्यें बर्लिनच्या अमेरिकन वकिलातींत चिटणीस होता. दुसऱ्यांचें प्रयाण त्यानें पाहिलें होतें. डिसेंबर १९४१ मध्यें तो स्वतः टोकियो येथें राजदूत होता, आणि पर्ल हार्बरनंतर त्यास व त्याच्या मंडळीस सुमारें सहा महिने वकिलातीच्या आवारांतच कोंडून राहावें लागलें. शेवटीं जून १९४२ मध्यें 'आसामा मारू' या जपानी जहाजानें ते निघाले. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील लोरेन्सो मार्केस (आजचें मापुटो) या पोर्तुगीज बंदरांत त्यांची व अमेरिकेहून 'ग्रिप्सहोम' या स्वीडिश जहाजानें आलेल्या जपानी मंडळीची अदलाबदल झाली. जपानचा वॉशिंग्टन येथील राजदूत नोमुरा त्यांत होता. दोन्हीं जहाजांवर शेंकडों साधीं माणसेंहि होतीं.

पूर्वीं जें केवळ रिवाजानें चाले तें इ. स. १९६१ मध्यें व्हिएन्ना येथील करारांत लेखी झालें. तो १९६४ मध्यें अमलांत आला. लढाई चालू असली तरी वकिलास व त्याच्या कुटुंबास शक्य तितक्या लौकर निघण्यास साधनें दिलीं पाहिजेत. गरज पडल्यास वाहनहि यजमानानें द्यावें. वकिलात व दप्तर यांचें रक्षण करावें. आणि यजमानास मान्य असलेल्या तिसऱ्या राष्ट्राकडे तीं सोंपवितां यावीं, असें त्यांत आहे. कांबाँपाशीं हा कागद असता तर त्याचे सोन्याचे फ्रँक वांचते किंवा काय, कोण जाणे.

मात्र लढाई म्हणजे वकील गेलाच, असेंहि समजूं नये. १९६२ मध्यें हिंदुस्थान व चीन लढले, परंतु संबंध पुरे तुटले नाहींत. राजदूत नव्हते, तरी त्यांच्या जागीं कनिष्ठ अधिकारी काम पाहत राहिले. १९६५ च्या लढाईंतहि पाकिस्तानशीं संबंध तुटले नव्हते. याउलट २४ फेब्रुवारी २०२२ रोजीं रशियन सैन्य चालून आलें त्याच दिवशीं युक्रेननें रशियाशीं संबंध तोडले. आणि ६ डिसेंबर १९७१ रोजीं हिंदुस्थाननें बांगला देशास मान्यता दिली, तेव्हां पाकिस्याननें संबंध तोडल्याचें जाहीर केलें. दोन्हीं देशांनीं आपलें काम स्वित्झर्लंडकडेच सोंपविलें. नव्वद हजारांहून अधिक युद्धकैदी व अडकून पडलेलीं कुटुंबें, यांचे प्रश्न सुटेपर्यंत दिल्ली व इस्लामाबाद येथें स्विस वकिलच एकाचा कागद दुसऱ्याकडे पोंचवीत असत. १९७६ मध्यें दोन्हीं देशांचे वकील पुन्हां आपापल्या जागीं आले.